मध्ये बसणाऱ्या वकीलबाई

वकीलबाईंकडे भांडण घेऊन गेलं की त्या आधी समोरच्याची बाजू सांगायला लावत. तुमचं म्हणणं नंतर. ज्याच्यावर चिडून आलात तो आत्ता या खुर्चीत असता तर काय म्हणाला असता, ते पहिल्यांदा बोला. माणसं बिथरायची. कारखान्यातून काढलेले एक गृहस्थ माझ्यादेखत म्हणाले, "अहो, त्यांची बाजू मी मांडायची, मग तुम्ही काय करणार?"

"मी ऐकणार," बाई म्हणाल्या. "तेवढं एकच काम मला नीट येतं."

कर्वेनगरात आमच्या वसतिगृहापासून दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीत तळमजल्याला त्या राहायच्या. उभी हयात कामगार न्यायालयात वकिली केली होती. वय झाल्यावर कोर्टात जाणं सोडलं आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून तंटे मिटवू लागल्या. मालक आणि कामगार दोघेही राजी असतील तरच. "मी आता कुणाचीच वकील नाही, मी मधली," असं पहिल्याच दिवशी बजावायच्या. आम्ही तरी त्यांना वकीलबाईच म्हणत राहिलो.

त्यांच्याकडे आम्हाला सुमन घेऊन गेली. ती सकाळी त्यांच्या सोसायटीचे जिने झाडायची आणि नंतर आमच्याबरोबर वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. सुमन, शांताबाई, रेखा आणि मी, अशा आम्ही चौघी होतो. शांताबाई सगळ्यांत थोरल्या. मेसमध्ये पोळ्यांचं यंत्र येणार असं महिनाभर कानावर होतं. एका सकाळी ऑफिसातल्या कारकुनाने चार कागद आणून ओट्यावर ठेवले, "वाचून सह्या करून ठेवा," म्हणाला आणि गेला. पुढच्या एक तारखेला आम्ही कामावर गेलो तर तोच म्हणाला, "तुम्ही कशा आलात? तुम्ही तर राजीनामे दिलेत."

सुमन पदर खोचून त्याच पावली बाईंकडे निघाली आणि आम्ही तिच्या मागून.

बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. चहा द्यायच्या नाहीत. चहा झाला की माणसं उठतात, म्हणून चहा भांडण मिटल्यावर, असा त्यांच्याकडे नियम होता. सुमनने सुरुवात केली, "ते लोक एक नंबरचे..."

"ते लोक म्हणजे कोण?"

"वसतिगृहाचे."

"वसतिगृहात तीनशे मुली राहतात, त्या का? नाव घ्या."

सुमनने व्यवस्थापकांचं आडनाव घेतलं. त्यांना आम्ही सगळ्या साहेब म्हणायचो. नाव घेतल्यावर तिचा आवाज आपोआप खाली आला. मग बाईंनी साहेबांची बाजू विचारली. आम्ही शांताबाईंकडे पाहिलं. शेवटी शांताबाई म्हणाल्या, "उशिरा जेवायला येणाऱ्या पोरींना गार पोळ्या मिळतात. त्या रोज साहेबांच्या डोक्याशी कटकट करतात. त्यांनी तरी काय करावं?" बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आमच्यातली कुणी साहेबांच्या वतीने इतकं बरं बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

बाईंची आणखी एक सवय होती. कुठलाही कागद त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचायच्या. समोर कोण आहे ते बघायच्या नाहीत. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्या आधी एक संगणक कंपनीतला मुलगा बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, मी हे वाचलंय." बाई म्हणाल्या, "छान. आता ऐका." आणि ओळीखाली बोट धरून अख्खी तीन पानं वाचली. तिसऱ्या पानावर तो मुलगा म्हणाला, "हे कधी लिहिलं यात?" बाईंनी मान वरसुद्धा केली नाही.

आमचा कागदही त्यांनी तसाच वाचला. मी स्वखुशीने काम सोडत आहे, माझी काही तक्रार नाही, असा त्याचा अर्थ होता. ऐकता ऐकता मी तिघींच्या मागे सरकले.

कारण कारकून आला त्या सकाळी तो कागद आधी माझ्या हातात आला होता. आमच्यात शाळेत गेलेली मी एकटी, तीही चौथीपर्यंत. बसची पाटी, औषधाची चिठ्ठी, मुलांच्या शाळेतून आलेली सूचना, सगळं माझ्याकडे यायचं आणि मला त्याचा थोडा मान वाटायचा. त्या कागदावर पहिलाच शब्द "उपरोक्त" असा होता. मी तिथेच अडकले. तवा तापला होता, हात पिठाचे होते. सुमनने विचारलं, "काय लिहिलंय गं?" मला येत नाही, असं माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "काही नाही, कामाच्या वेळांचं आहे." आणि सही केली. माझ्या मागून तिघींनी केली.

हे मी घरीही बोलले नव्हते.

साहेबही बाईंसमोर बसायला राजी झाले. बाई प्रत्येकाशी, साहेबांशीही, एकदा वेगळं बोलायच्या, दार लावून. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी काही विचारलंच नाही. खिडकीतल्या कुंडीतली वाळकी पानं काढत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "अरेरे" केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

मग समोर येऊन बसल्या. "मंदाताई, हे मी बाहेर कुणाला सांगणार नाही. साहेबांना नाही, तुमच्या मैत्रिणींनाही नाही. इथे बोललेलं इथेच राहतं."

"पण मग साहेबांना कसं कळणार?"

"तो प्रश्न आहे खरा. ते म्हणतात, बायकांनी कागद वाचला, आपसात विचार केला आणि सह्या केल्या. त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्यांना तसंच वाटतंय."

"मी बोलले नाही तर?"

"तर मी दुसरा रस्ता शोधीन. तो लांबचा असेल आणि मिळेलच असं नाही. पण तुमच्या तोंडात मी शब्द घालणार नाही. तुमचं तोंड आहे."

त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. रेखाच्या नवऱ्याचं काम आधीच सुटलं होतं. शांताबाई एकट्या, त्यांना या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? आणि सुमन, रेखा मला विचारत होत्या, "मंदा, तू वाचलंस तेव्हा कागदावर हे नव्हतंच ना? मागाहून घातलं असेल ना त्यांनी?" मी मान हलवायची. होकाराची की नकाराची, ते माझं मलाच कळत नव्हतं.

बैठकीच्या दिवशी साहेब वेळेवर आले. बाईंच्या पुढच्या खोलीत गोल टेबल होतं. एका बाजूला ते आणि कारकून, एका बाजूला आम्ही, मध्ये बाई. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "कागद यांना वाचायला दिला होता. मंदाताईंना वाचता येतं. माझ्या माणसाने जबरदस्ती केलेली नाही." सुमन तावातावाने म्हणाली, "कागद बदललाय." कारकून उसळला. बाईंनी दोघांसमोर पाण्याचे पेले सरकवले आणि म्हणाल्या, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी बोलले. कशी बोलले ते आठवत नाही, टेबलाकडे बघून बोलले एवढं आठवतं. कागद बदललेला नाही. मला तो वाचता आला नाही. येत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी या तिघींना खोटं सांगितलं. बोलताना मी चार वेळा थांबले असेन. एकदा तर इतका वेळ थांबले की बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करून निघून गेल्याचं ऐकू आलं. खोलीत कुणी काही बोललं नाही, कुणी खाकरलंही नाही. साहेब मान खाली घालून बसले होते.

त्यानंतर गोष्टी पटापट झाल्या. बाईंनी साहेबांना विचारलं, "वीज गेल्यावर यंत्र काय करतं?" मग आमच्याकडे वळून, "आणि उशिरा येणाऱ्या मुलींना गरम पोळी द्यायची तर तुम्ही काय कराल?" दोन्हीकडच्यांना उत्तरं शोधावी लागली. यंत्र आलं. त्यावर कणीक मळायला आणि पोळ्या काढायला सुमन आणि रेखा, भाजी निवडायला शांताबाई, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी आणि आजारी मुलींसाठी हाताच्या पोळ्या करायला मी. राजीनाम्यांवर "रद्द" लिहून साहेबांनी सह्या केल्या. हा नवा करारही बाईंनी मोठ्याने वाचला आणि मगच चहा ठेवला.

परतताना मी तिघींच्या मागे चालत होते. सुमन वळून म्हणाली, "ये की पुढे. आता काय आम्ही तुला ओवाळायचं?" शांताबाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुझी नजर कागदावर एकाच जागी होती."

"मग सही का केलीत?"

"तू केलीस म्हणून," त्या म्हणाल्या आणि भाजीवाल्याकडे वळल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मी शेवटच्या रांगेत बसले. शेजारच्या खुर्चीत कुणी येऊन बसलं, बघते तर साहेब. ते आता निवृत्त झालेत. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "मंदाताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. बैठकीच्या सकाळी बाईंचा मला फोन आला होता. म्हणाल्या, आज टेबलावर कुणी बोललं तर मध्ये बोलायचं नाही. थांबलं तरी नाही, कितीही वेळ. आणि तोंडाकडे बघत बसायचं नाही. कोण बोलणार, काय बोलणार, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, पण सांगितलं नाही."

मी इतकी वर्षं समजत होते की माझं ऐकून साहेबांची मान खाली गेली.

"कारकुनालाही बजावून आणा म्हणाल्या," साहेब म्हणाले. "तो एकदा उसळल्यावर त्याला मी टेबलाखालून पायाने दाबून धरला होता."

पुढे कुणीतरी माईकवर म्हणालं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर यावं. मोठमोठे वकील बोलून गेले होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसते गुडघे बाजूला घेऊन मला जायला वाट करून दिली.

मी गेले. माईक माझ्या उंचीला उंच होता, तो कुणी खाली करीपर्यंत उभी राहिले. मग म्हणाले, "मी इथल्या वसतिगृहात पोळ्या करते. बाईंमुळे अजून करते." आणि जागेवर येऊन बसले.