कप्तानाची पाच वर्षं

आमच्या कंपनीची बस डांगे चौकातून सकाळी पावणेसहाला सुटते आणि चाकणला पोचेपर्यंत माणसाचा निम्मा जीव गेलेला असतो. मोशीच्या पुढे गाडी सरकायचं नावच घेत नाही. कंटेनरच्या मागे कंटेनर, मध्ये आमची बस, आणि बसमध्ये आम्ही चाळीस-पंचेचाळीस माणसं. त्यात काही झोपतात, काही मोबाईलमध्ये डोकं घालतात, उरलेले भांडतात. राजकारणावर भांडून झालं, पगारवाढीवर झालं. पण एका वर्षी दिवाळीनंतर जे भांडण सुरू झालं, तसं मी वीस वर्षांत पाहिलं नाही. भांडण होतं कप्तानाच्या करारावर.

कप्तान म्हणजे आमच्या कंपनीच्या कबड्डी संघाचा मुख्य रेडर. समोरच्याच्या अंगणात घुसून गडी मारून परत येणारा. कप्तानपद कधीच दुसऱ्याकडे गेलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कुरुळीकडचा गडी, घरची थोडी शेती होती ती कारखान्यांत गेली. आमच्या मालकांना कबड्डीचं भारी वेड. कारखान्यांच्या स्पर्धेत आपला संघ पहिला आला पाहिजे यासाठी ते वाट्टेल ते करतील. त्यांनी याला कंपनीत घेतलं, पण कायम नाही. दर वर्षी नवा करार. अर्धी पाळी मशीनवर, अर्धी मैदानावर. अकरा वर्षं हा माणूस दर मार्चमध्ये नोकरी राहते का जाते याची वाट बघत बसायचा.

आता त्याने छत्तिशी ओलांडली होती. उजवा गुडघा दोन वर्षं दुखत होता, तो पट्टा बांधून खेळायचा. आणि अशा वेळी मालकांच्या मनात आलं की याच्याशी एकदम पाच वर्षांचा करार करावा. ही बातमी ऑफिसातून कँटीनमध्ये आली, कँटीनमधून बसमध्ये, आणि बसची दोन गावं झाली.

पुढच्या सीटवाले म्हणायचे, द्यायलाच पाहिजेत पाच वर्षं. अकरा वर्षांत त्याने किती ढाली आणल्या, त्याची काही किंमत आहे का नाही? मागचे म्हणायचे, ढाली काचेच्या कपाटात ठेवल्यात ना, मग झालं. मैदानात काय कपाट उतरवणार का? पुनावळ्याचा एक वेल्डर तर आपल्या सासऱ्याच्या जमिनीचं बोलावं तसं तावातावाने बोलायचा. अजून कराराचा कागद टाइप झाला नव्हता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशातली गत.

आणि विरोधकांत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर माझा. खोटं कशाला बोलू. मी क्वालिटीत आहे. येणारा माल मापायचा, बसतो तो पुढे पाठवायचा, बसत नाही तो बाजूला काढायचा, वीस वर्षं हेच केलं. माणूस समोर आला तरी आधी त्याचं माप डोळ्यांत येतं, ही खोड आहे. मी म्हणायचो, अरे बाबांनो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तो परत येताना उजव्या पायावर भार देत नाही. दोन वर्षं ओढेल फार तर. पाच वर्षं कशाच्या जिवावर? मालक काय धर्मशाळा चालवतात काय? सगळे हसायचे. मलाही बरं वाटायचं. एक्कावन्नाव्या वर्षी पाठ धरलेली, झोप पुरत नाही, घरी कुणी आपलं ऐकत नाही, तिथे बसमध्ये चार माणसं काकांचं म्हणणं ऐकतात याचंसुद्धा सुख वाटतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

कप्तान आमच्या बसने येत नव्हता, गावातून मोटरसायकलवर यायचा. पण मी काय बोलतो हे त्याच्या कानावर होतं. एकदा कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला, उसळीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि हसत म्हणाला, काका, गुडघा मापायला आणू का उद्या? मी चिडलो, पण हसलो. माणूस सरळ होता. मी माझं मत बदललं नाही.

मग झालं ते फ्लेक्सचं प्रकरण.

करारावर सही व्हायला आठवडा होता. पुढच्या सीटवाल्यांना तेवढाही धीर निघेना. आमच्याकडे आनंद झाला की तो फ्लेक्सवर गेला पाहिजे, नाहीतर तो झालाच नाही असं लोकांना वाटतं. पोराने पहिलं पाऊल टाकलं तरी चौकात फ्लेक्स. यांनी ठरवलं, कुरुळी फाट्यावर मोठा फ्लेक्स लावायचा. तिथला एक भावी सरपंच लगेच पुढे आला. म्हणाला, सगळं माझ्याकडून, तुम्ही फक्त फोटो पाठवा. आता ज्याचा खर्च त्याचा चेहरा, हे शेंबडं पोरही सांगेल. यांनी बसच्या ग्रुपवरचे सगळ्यांचे फोटो उचलले आणि देऊन मोकळे झाले.

सोमवारी सकाळी बस फाट्यावर अडकली आणि सगळे खिडकीला चिकटले. वर हात जोडलेला भावी सरपंच, हत्तीएवढा. त्याच्याखाली मांडी थोपटणारा कप्तान. मोठ्या अक्षरांत, पाच वर्षांचा करार झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आणि तळाला शुभेच्छुकांच्या तीन ओळी, टपाल तिकिटाएवढे चेहरे. तिसऱ्या ओळीत मी. मी, जो दिवाळीपासून विरोधात घसा कोरडा करत होतो. आणि माझ्या शेजारी, माझ्याएवढेच, आमचे मालक. वेल्डर हळूच म्हणाला, मालकांचा फोटो घ्यायचा राहिला होता, शेवटी आठवण झाली म्हणून कोपऱ्यात बसवला.

बरं, नुसतं तेवढंच असतं तरी निभावलं असतं. पण त्याच भावी सरपंचाने महिन्यापूर्वी गावातल्या पोरांना कामावर घ्या म्हणून आमच्या गेटवर मालाच्या गाड्या अडवून धरल्या होत्या. मालक रोज त्याच फाट्यावरून येतात. दुपारपर्यंत ऑफिसातून निरोप आला, कराराचं तूर्त थांबवा. मालक म्हणाले म्हणे, खेळाडू त्यांचा दिसतोय, मग करारही त्यांनीच करावा.

पुढच्या सीटवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. फ्लेक्स त्याच दिवशी उतरवला, पण झाला तो प्रकार झाला. मला वाटलं होतं आपल्याला मजा वाटेल. नाही वाटली. ज्याने काही केलंच नाही, त्याचं वाढलेलं पान उलथलं होतं. पाच नाही तर नाही, नेहमीचं एक वर्षही धोक्यात आलं होतं. मार्च जवळ आला होता.

दुसऱ्या दिवशी कप्तान थेट माझ्या टेबलापाशी आला. मशीनचं तेल हाताला तसंच. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

म्हणाला, "काका, तुमी चला मालकांकडं. बाकीचे माझ्या बाजूचे हायेत, त्यांचं ते ऐकायचे न्हाईत. तुमी माझ्या इरोधात होता, हे त्यांना ठाऊक हाय. तुमी सांगितलं तर खरं वाटंल."

मला पहिल्यांदा रागच आला. म्हटलं, च्यायला, गाढवपणा एकाने करायचा आणि निस्तरायचा मी? पाठ ठणकत होती, साडेतीनची बस चुकली तर घरी पोचायला सात वाजणार. पण त्याच्याकडे बघून नाही म्हणवेना. तो उभा होता तेही डाव्या पायावर.

पाळी सुटल्यावर हात धुतले आणि गेलो. कप्तान जिन्याखाली थांबला. मालकांनी मला बसायला सांगितलं, हे वीस वर्षांत दुसऱ्यांदा. मी सगळं सरळ सांगून टाकलं. म्हटलं, साहेब, हा बसमधल्या आमच्या लोकांचा शहाणपणा आहे. कप्तानाला पत्ताही नव्हता. माझा फोटो बघितलात ना तुम्ही? मी तर म्हणत होतो पाच वर्षं देऊ नका, तरी मला शुभेच्छुक करून टाकलं. मालक आधी गंभीर होते, मग हसायला लागले. चांगले पोट धरून हसले. म्हणाले, तुमच्या शेजारी मला बसवलं, बरोबरीला आलो आपण. मीही हसलो. काम झालं होतं, मी उठायला लागलो.

तेव्हा त्यांनी विचारलं. "तुम्ही क्वालिटीचे. खरं सांगा, पाच वर्षं चालेल का हा?"

आता इथे काय बोलायचं होतं हे आज मला दहा प्रकारे सुचतं. मी काय डॉक्टर आहे, असं म्हणता आलं असतं. तुम्ही मोठे आहात, तुम्ही ठरवा, असं म्हणून हात जोडता आले असते. पण वीस वर्षं कुणी मला चालेल का विचारलं की मी माप सांगत आलो. एकदा एका मालाला डोळे झाकून चालेल म्हटलं होतं तेव्हा गाडीभर माल परत आला होता, तेव्हा खाल्लेली बोलणी अजून कानात आहेत. आणि मालक आत्ताच माझ्यावर विश्वास ठेवून हसले होते. त्यांना खोटं कसं सांगायचं?

मी म्हणालो, "पाच नाही साहेब. दोन चालेल."

ते म्हणाले, ठीक, मग दोन. माझ्यासमोरच फोन उचलून ऑफिसला सांगितलं. त्यांचीही सुटका झाल्यासारखी दिसली. मी जिना उतरलो तो छाती फुगवून. काही नव्हतं तिथे दोन वर्षं आणली होती. विरोधात असून आणली होती. या काकांनी.

कप्तान जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. मी सांगितलं, राग गेला साहेबांचा, फ्लेक्सचं मिटलं, दोन वर्षं पक्की. त्याने हो म्हटलं. मग विचारलं, पाचाचं काय झालं? मी जसं घडलं तसं सांगितलं. आत त्यांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, सगळं.

मला वाटलं, शिव्या देईल. त्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, माझी बाजू तयार होती.

म्हणाला, "काका, पाच वर्षं खेळायला नको हुती मला. एक वर्ष बसायचं हुतं."

मला कळेना. मग त्याने सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच करायला सांगितलं होतं. केलं की एक वर्ष मैदानात पाय ठेवायचा नाही. पण एक वर्षाच्या करारात एक वर्ष कोण बसू देतो? जो खेळला नाही त्याचा पुढचा मार्च येतच नाही. म्हणून तो पट्टा बांधून खेळत राहिला. पाच मिळाली असती तर पहिलं वर्ष गुडघ्याला दिलं असतं आणि पुढची चार बिनदुखी खेळला असता. दोनात ते बसत नव्हतं. एक वर्ष बसला तर दुसऱ्या वर्षी काय दाखवणार?

मी म्हणालो, चल, परत वर जाऊ, हे सांगू त्यांना. त्याने माझा दंड धरला. म्हणाला, न्हाई काका, एकदा माफ केलंय त्यांनी. परत गेलो तर म्हणतील, अजून मागाया आला. आणि गुडघा फाटलाय हे माझ्या तोंडानं सांगितलं, तर दोनबी ऱ्हायची न्हाईत. बरोबर होतं त्याचं. मी त्याला म्हटलं, मला आधी का नाही बोललास? तो म्हणाला, तुमी बसमध्ये बोलला असता.

बोललोच असतो.

त्याने मला मोटरसायकलवर मोशीपर्यंत सोडलं. उतरताना मी चुकलो रे, असं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, तुमी खोटं कुठं बोलला? आणि गाडी वळवून गेला. मला शरम वाटली, आणि राग आला, तो कुणावर हे मला आजही नीट सांगता येत नाही. घरी जाऊन न जेवता पडलो.

तो दोन वर्षं खेळला. पट्टा बांधून. पहिल्या वर्षी ढाल आणली, मालकांनी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी, उपांत्य सामन्यात, तो परत यायला वळला आणि उजवा पाय तिथेच राहिला. कुणी धरलंही नव्हतं त्याला. मी प्रेक्षकांत होतो. तो ओरडला नाही, नुसता बसला. मार्चमध्ये करार संपला. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. आता तो गावाजवळ एका गोदामाच्या गेटवर बसतो, वहीत गाड्यांचे नंबर लिहितो. दिवसभर बसूनच असतो.

तो पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढलो. तो वेल्डर, इतके दिवस माझ्याशी भांडणारा, उठला आणि मला खिडकीची जागा दिली. म्हणाला, "मानलं काका तुम्हाला. दोन म्हणजे दोनच." मागच्या चौघांनीही माना हलवल्या. कुणीतरी पाठीवर थाप मारली. आणि मी त्या जागेवर बसलो.