कोळशाखालची प्लेट

ठेकेदाराने मला फसवले. माझ्या घराच्या अर्थिंगसाठी मी स्वतः निवडून आणलेली तांब्याची प्लेट त्याने पळवली, आणि बिजली ऑफिसच्या साहेबाने ती जमिनीत आहे असे सहीनिशी लिहून दिले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी ‘बाई, गैरसमज झाला असेल’ म्हणायला नको.

मी भांडीवाली. लामता, किरनापुर, मलाजखंडची कॉलनी, सगळीकडे डोक्यावर टोपली घेऊन फिरले आहे. जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. दोन विरलेल्या साड्यांवर पातेले मागणाऱ्या बाईला वाटीवर आणून सोडायचे, हे माझे शिक्षण. आज बालाघाटात माझे भांड्यांचे दुकान आहे आणि दुकानावर घर. तांबे कोणते आणि मुलामा कोणता, हे मी एका टिचकीत ओळखते. म्हणून ही गोष्ट जास्त झोंबली.

मुलाच्या लग्नानंतर वर आणखी एक मजला चढवला. कूलर आले, पाण्याची मोटर आली, कपडे धुण्याचे मशीन आले. खांबावरून येणारी आमची जुनी तार शेजाऱ्याच्या गच्चीवर बांबूला टेकून यायची, आणि सगळे एकदम लावले की दिवे मिणमिणायचे. ऑफिसात गेले तर त्यांनी यादीच सांगितली. लोड वाढवा, तीन फेजचे कनेक्शन घ्या. गच्चीवर लोखंडी पाईप उभा करून केबल इतकी उंच न्या की खालून धानाच्या तणसाने भरलेली ट्रॉली निघून जावी. नवा मेन स्विच लावा, स्वतंत्र अर्थिंग करा आणि लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आणा. नियमांवर माझा राग नाही. घरातले माणूस वाचवणारा नियम मी कधी कमी करून मागितला नाही.

ठेकेदाराला मात्र मी सोडले नाही. पाईप पातळ आणला, परत पाठवला. केबल मध्ये जोडलेली निघाली, अखंड आणायला लावली. खुर्ची टाकून रस्त्यातच बसले होते.

“काकू, तुम्ही तं इन्स्पेक्टरच्या वर निघाल्या,” तो वरून ओरडला.

“इन्स्पेक्टर आपल्या घरी झोपते. या तारेखाली मले झोपावं लागते.”

डोक्यावरचे काम त्याने चोख केले, कारण ते मला दिसत होते.

मग अर्थिंगचा खड्डा खणला. दोन पुरुष खोल. तळाशी तांब्याची प्लेट ठेवायची, तिला तार कसायची, वर कोळशाचे आणि मिठाचे थर द्यायचे. मधून एक पाईप जमिनीवर काढायचा आणि उन्हाळ्यात त्यातून पाणी सोडायचे, म्हणजे खालची माती ओली राहते. कुठे वीज फुटली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने मातीत उतरते. प्लेट मी दहा प्लेटा वाजवून निवडली होती. ती ठेकेदाराच्या हातात दिली, तेव्हा तो थांबला.

“काकू, अशीच ठेवू का? धरतीमायच्या पोटात तांबं ठेवून राह्यलो. नारळ नाही, कुंकू नाही?”

मी ओशाळले. आमच्याकडे बोअरचे मशीन लागले तरी आधी नारळ फुटतो, आणि मी एवढे काम काढून तेच विसरले होते. आत धावले. देवघरातून हळद-कुंकू घेतले. नारळ घरात सापडेना, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. परत आले तर खड्ड्यात कोळसा पसरलेला.

“प्लेट कुठी आहे?”

“कोळशाखाली. टाका आता कुंकू, माणसं उन्हात उभी आहेत.”

गिऱ्हाइकाने वाटी हातात घेतली तरी तिच्यावरून नजर न हलवणारी मी, त्या कोळशावर कुंकू टाकले आणि हात जोडले. नारळ फोडून प्रसाद वाटेपर्यंत त्यांनी खड्डा बुजवलाही.

साहेब तपासणीला आले ते मोटरसायकलवरून उतरलेच नाहीत. वर पाहून म्हणाले, “केबल बढ़िया खींची है.” मी अर्थिंगकडे बोट दाखवले, त्यांनी तिकडे मान हलवली. रिपोर्टवर लिहिले, ‘मौके पर जाँच की, अर्थिंग सही पाई गई’, म्हणजे जागेवर तपासली, ठीक आहे. खाली माझीही सही घेतली.

तो सगळा उन्हाळा मी रोज सकाळी त्या पाईपात बादलीभर पाणी ओतले. सून हसायची. “आई, तुळशीले तांब्याभर अन् याले बादलीभर?”

“हौ. तुळस करंट थांबवत नाही.”

एका सकाळी तिने मशीनमधून ओले कपडे काढायला हात घातला आणि किंकाळी फोडून भिंतीवर आदळली. मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पोरीचा हात संध्याकाळपर्यंत बधिर होता. चहाचा कप मी तिच्या तोंडाला लावला.

दुसऱ्या वॉर्डातला एक म्हातारा मिस्त्री बोलावला. त्याने होल्डरमधल्या बल्बची एक तार फेजला लावली, दुसरी अर्थिंगला. अर्थिंग खरी असेल तर बल्ब लागतो; हा लागला नाही. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाई, ही तार जमिनीत जाते, का जमिनीपर्यंतच जाते?”

खणले. हातभर लांबीचा पाईप, खाली विटांचे तुकडे आणि कोळसा. तार एका खिळ्याला गुंडाळलेली. प्लेट नाही.

ठेकेदाराला फोन केला. “काकू, गलली असंल. मिठानं गलते तांबं.”

“माह्या सासूचा तांब्याचा गुंड अजून पाणी भरते, अन् माही प्लेट एका उन्हाळ्यात गलली? तांबं मले शिकवतं का रे?”

त्याने फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

ऑफिसात गेले. साहेब गोड बोलले. “माताजी, नई अर्थिंग हम ठेकेदार से मुफ्त में करवा देंगे. बस इतना लिख दीजिए कि पुरानी खराब हो गई थी.”

फुकट मिळणारी वस्तू मी आयुष्यात नाकारली नव्हती. ती त्या टेबलावर पहिल्यांदा नाकारली.

“खराब व्हाले आधी असावी लागते, साहेब.”

“दस्तखत तो आपने भी किए हैं.”

“केले. प्लेट न पाहता केले. ही माझी चूक, मी आत्ता लिहून देते. तुमची तुम्ही लिहा.”

साहेबांनी फाईल मिटली आणि लंचची वेळ झाल्याचे सांगितले.

अर्थिंग मी त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून नवी करून घेतली. प्लेटला तार कसली जाईपर्यंत खड्ड्याच्या काठावरून उठले नाही. आता मशीनला हात लावताना सून बिचकते, पण करंट येत नाही. म्हणून मी गप्प बसावे, असे मुलाचे म्हणणे आहे. “आपलं काम झालं ना, आई.”

आपले झाले. पण आमच्या गल्लीत त्याच ठेकेदाराने केलेली आणि त्याच साहेबाने पास केलेली आणखी घरे आहेत. मी दारोदार जाऊन सांगितले. एक बाई म्हणाली, “आमचा पाईप तं मस्त पाणी पेते.” विटा पण पाणी पितात, बाई. तिच्या घरात दोन रांगती लेकरे आहेत.

म्हणून मी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, आणि दर सोमवारी त्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसते. चपराशी आता विचारतही नाही. मला नवी प्लेट नको, दिलगिरीही नको. ‘मौके पर जाँच की’ असे ज्या हाताने लिहिले, त्याच हाताने साहेबांनी लिहावे: त्या दिवशी खड्ड्यात काय पाहिले? कशाने तपासले? आणि न पाहता आणखी कोणाकोणाच्या घरावर सही केली? घरे कोणती, तेवढे सांगा. सांगेपर्यंत मी बाकावरून उठत नाही.