एकतिसाव्या पानावरची चांदणी

परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की वाचनालयातले काका आधी खोडरबर शोधायचे आणि मग पानं चाळायला लागायचे. "पुस्तक सगळ्यांचं हाय, ताई. खुणा घरच्या वहीत करायच्या."

तुम्ही वाचनालयात जात असाल तर या खुणा तुम्हालाही ठाऊक असतील. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून जुने वाचक एका ठरलेल्या पानावर बारीकसं काहीतरी काढून ठेवतात. कुणाचं टिंब, कुणाचं आद्याक्षर. आमच्या आईची एकतिसाव्या पानावर पेन्सिलीची चांदणी असायची.

आमच्या नाशिकच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसणारे हे काका रोज घोटीहून एसटीने यायचे. आईचे गुडघे गेल्यावर तिची पुस्तकं बदलायचं काम माझ्याकडे आलं. अंबडच्या कंपनीतून सुटून तिथे पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. माझं स्वतःचं वाचन तर केव्हाच सुटलं होतं. हाताला येईल ते उचलायचं आणि घर गाठायचं. लागोपाठ तीन वेळा आईने वाचलेलीच पुस्तकं नेली. खूण नाही का बघितलीस, म्हणून आईची बोलणी खाल्ली. खूण असेल तर बघणार ना! काकांनी ती खोडलेली.

दुसऱ्या दिवशी मी काकांवर असं तोंडसुख घेतलं की पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईची खूण कोणती, कुठल्या पानावर, एवढंच विचारलं. त्यानंतर बाकीच्यांच्या खुणांवर रबर चालूच राहिलं, पण चांदणी कधी खोडली गेली नाही. ती दिसली की मी पुस्तक परत कपाटात ठेवायचे.

मग आई गेली. महिन्याभराने तिचं सभासदत्व बंद करायला गेले, तर काकांनी अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "इतके दिवस चांदणी बघून ठेवून देत होता ना? आता चांदणी बघून न्या."

खरं सांगते, रडू आलं. एक पुस्तक घेऊन तिथल्याच बाकावर बसले. दमले होते म्हणून बसले, ती वाचनालय बंद होईपर्यंत उठलेच नाही. मग दर शनिवारी जायला लागले. थकवा कुठे गेला नव्हता, पण त्या बाकावर तो जरा गप्प राहायचा. आईला शिकारीच्या गोष्टी आवडायच्या, हे मला तिथे कळलं. बाईने जन्मात घरातली पाल मारली नाही!

निवृत्तीच्या दिवशी काका टेबल आवरत होते. मला म्हणाले, "हळू वाचा, ताई. चांदण्या आता नव्या नाय होणार."

काका आता घोटीलाच असतात. त्यांचेही गुडघे गेलेत म्हणे. त्यांच्या जागी एक मुलगी बसते. ती खुणा खोडत नाही, बघतही नाही.

सगळी कपाटं पालथी घातली, आता चांदणीचं हे एकच पुस्तक उरलंय. गेल्या शनिवारी तिसऱ्यांदा मुदत वाढवून मागितली, तेव्हा त्या मुलीने विचारलं, "मॅडम, अजून नाही झालं वाचून?"

"तीस पानं झालीत," मी म्हटलं.