अंगठ्याखालचं डोकं

सत्तरच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात नवा मास्तर होतो. प्राणिशास्त्र विभागातला एकुलता एक ट्रायलोबाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री किड्याचा दगड झालेला अवशेष, थोरल्या सरांच्याच तळहातावर असायचा. "मधात कणा, दोन्हीकडं पाळ्या. तीन भाग, म्हून हे नाव," असं ते पोरांना दाखवत, पण अंगठा कायम त्याच्या डोक्यावर. वर्गीकरण तर डोक्यावरच्या शिवणीवरूनच होतं!

"अंगठा काऊन काढत नाई, सर?" मी विचारलं.

"डोकं सगळ्याइचं सारखंच असते."

माझा संशय बळावला. एकदा ते पाणी प्यायला गेले आणि मी तो दगड उचलला. डोकं मातीचं होतं. त्याला पोळ्याच्या मातीच्या बैलासारखे गुंजांचे डोळे लावले होते.

"खरं डोकं कुठं गेलं, सर?"

"पुढचा तास तुम्हीच घेजा," दारातून ते शांतपणे म्हणाले.

पोरं आली, आणि माझा अंगठा आपसूक डोक्यावर गेला.