आईचा अंगठा

रंगकामासाठी आमची होडी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओढत होतो. होडीखालचा ओंडका घसरला आणि माझी नडगी मोडली. दवाखान्यात प्लास्टर घालून मला घरी पाठवलं. दुखणं वाढलं किंवा बोटं बधिर झाली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आम्ही दर्यावरची माणसं, दुखतंय म्हणणं आमच्यात कमीपणाचं. बाबांनी तर मोडलेल्या हाताने जाळं ओढल्याचा किस्सा पुन्हा ऐकवला. मग मीही मूग गिळून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय प्लास्टरमध्ये मावेना. गोळ्यांनी डोळे जड झाले होते. दुपारपर्यंत दुखणं विरत गेलं. बोटांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही निघून गेल्या. खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. मला वाटलं, भरतीचं पाणी खाटेखाली आलंय आणि माझा पाय त्यावर तरंगत समोरच्या बेटावरच्या किल्ल्याकडे निघालाय. त्याला थांबवावंसंही वाटेना. खरं सांगतो, त्या पायाने इतकं सुख मला कधी दिलं नव्हतं.

तेवढ्यात आई मासळी विकून आली. आता दुखत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली आणि प्लास्टरबाहेर आलेल्या बोटावर अंगठा दाबला. गिऱ्हाइकासमोर पापलेट ती असंच दाबून दाखवते. खळगा लगेच भरला तर मासा ताजा, नाहीतर शिळा. माझ्या बोटावरचा खळगा तसाच राहिला. नख पांढरं पडलं ते पांढरंच.

"पाय शिला व्हाया लागलाय," ती म्हणाली. "रिक्षा बोलवा."

उद्या बघू, असं बाबा म्हणाले. तिने ऐकलं नाही.

वसईच्या एका रुग्णालयात प्लास्टर कापलं, नडगीच्या दोन्ही बाजूंना चिरलं आणि जखमा काही दिवस उघड्याच ठेवल्या. सुजलेल्या स्नायूंना आत जागा उरली नव्हती, रक्त अडलं होतं, अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला भीती वाटली. मी आराम समजत होतो, पण पाय माझा निरोप घेत होता.

पाय राहिला. दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत. आई जाता-येता ती दाबते आणि कळतं का, विचारते. मी दरवेळी हो म्हणतो. परवाही म्हणालो. ती नखाकडेच बघत राहिली.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. "पन रगत परत येतंय."

आणि माझा पाय मांडीवर घेऊन बसून राहिली.