लीनाचं सफरचंदाचं झाड

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला माहीत आहे, पण तिला जी माहीत आहे ती खोटी — मी रचलेली. खरी गोष्ट तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. कुठून सुरुवात करू?

फ्राउ केलरपासून, म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंपासून करते. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी जर्मनीत, डार्मश्टाटला एका औषधांच्या कंपनीत लागले होते आणि जवळच्या खेड्यात त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. बाई ऐंशीच्या घरातल्या, गुडघे गेलेले, जीभ मात्र खणखणीत. त्या एकट्या, मीही एकटी. म्हणजे — एकटी राहत होते. त्याबद्दल नंतर सांगते.

त्यांना त्यांच्या आजीने वाढवलं होतं. आजीचं नाव लीना. लीना चार वर्षांची असताना तिचे वडील, हाइनरिश, बायकोसह मॉर्मन झाले. अमेरिकेत निघालेला हा एक ख्रिस्ती पंथ. त्याचे लोक तेव्हा जगभरातून यूटाच्या ओसाड खोऱ्यात वस्ती करायला निघाले होते. हाइनरिशनेही जमीन विकली. निघायच्या वेळेला लीना गोवराने फणफणलेली. आजोळच्या म्हातारीने तिला धरून ठेवलं, आणि आईवडील बाकीच्या मुलांना घेऊन गेले. पुढच्या बोटीने न्यायला येतो म्हणाले. कुणी आलं नाही.

"ओमा, माझी आजी, मरेपर्यंत म्हणायची, विसरला तो मला," फ्राउ केलर सांगायच्या. मी ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे. का बदलायचे, ते मला ठाऊक होतं.

मग एका उन्हाळ्यात यूटाहून डेव्हिड आला. सत्तरीचा, मोठ्या हाडापेराचा, हाइनरिशचा पणतू. पूर्वजांचं गाव शोधत आला होता. त्याला जर्मन येत नव्हतं, बाईंना इंग्रजी येत नव्हतं. मधे मी.

बाईंनी चांगले कप काढले होते. डेव्हिडने कॉफी नको म्हटलं — त्यांच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही. बाईंचा चेहरा पडला. मी पटकन म्हणाले, त्यांना डॉक्टरांनी मनाई केलीय. "आख सो, असं होय," म्हणून बाईंनी त्याला सफरचंदाचा रस दिला. किती सोपं होतं! कुणाचंच काही बिघडलं नाही.

डेव्हिड मोकळेपणाने बोलत होता. हाइनरिश आणि घरच्यांनी बैलगाड्यांमागून मैदानं पायी तुडवली, वाटेत धाकटा मुलगा तापाने गेला, त्याला तिथेच पुरून पुढे चालावं लागलं. खोऱ्यात झाडाचं नाव नाही. हाइनरिशने मातीच्या ढेकळांचं घर बांधलं. शेजाऱ्यांबरोबर डोंगरातल्या ओढ्यापासून शेतापर्यंत पाट खणला. पहिला गहू टोळांनी खाल्ला. बायकोने चादरी पसरून रोपं झाकली, तर टोळांनी चादरीही कुरतडल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरलं. फ्राउ केलर पुढे झुकून ऐकत होत्या. शेतकऱ्याची लेक ती — पाट किती खोल होता, बियाणं कुठून आणलं, सगळं विचारत होत्या. त्या माणसाबद्दलचा राग उतरत चाललेला मला दिसत होता.

मग त्यांनी मला म्हटलं, "आता विचार त्याला. लीनाबद्दल तो काय बोलायचा?"

मी विचारलं. डेव्हिडने रसाचा पेला खाली ठेवला. मग खाली बघून इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे ती वारलेली आहे. जर्मनीतच, चार वर्षांची असताना गेली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्या घराण्याच्या थडग्यावरच्या दगडावरही तसंच कोरलंय. ती जगली, तिला मुलं-नातवंडं झाली, हे मला या घरात आल्यावर कळलं." मग तो म्हणाला, "त्यांना हळूच सांगा, पण सांगा. आणि विचारा, त्यांची इच्छा असेल तर मी तो दगड बदलून घेईन. लीनाचं खरं आयुष्य त्यावर येईल."

मला फक्त एवढंच करायचं होतं. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत.

आता मगाशी टाळलेलं सांगते. मला एक मुलगी होती. मुक्ता, दोन वर्षांची, नाशिकला नवऱ्याजवळ आणि सासूबाईंजवळ. "तू जा, मी आहे," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, मनापासून म्हणाल्या होत्या. पण नोकरीच्या मुलाखतीनंतर कॉफी पिताना कुणीतरी सहज विचारलं, मुलं? आणि मी म्हणाले, नाहीत. कुणी जबरदस्ती केली होती का? नाही. आहे म्हटलं असतं तर नोकरी गेली असती का? माहीत नाही, बहुधा नसती. पण एकदा म्हटल्यावर तेच चालू राहिलं. ऑफिसात, शेजारात, फ्राउ केलरकडेही. मुक्ताशी फोनवर बोलताना मी खिडकी लावून घ्यायचे.

तर मग हाइनरिशचं ते वाक्य मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

बाई माझ्याकडे बघत होत्या. समोर खिडकीतून त्यांचं सफरचंदाचं झाड दिसत होतं. मी म्हणाले, "त्याने लीनाच्या नावाने सफरचंदाचं झाड लावलं होतं. पाटाचं पहिलं पाणी त्या झाडाला द्यायचा."

त्या रडल्या. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता. डेव्हिडला वाटलं, मी खरं सांगितलं. त्याने त्यांचा हात हातात घेतला. "त्याला म्हणावं, मी माफ केलं," बाई म्हणाल्या. हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं.

"आणि दगडाचं?" त्याने विचारलं.

बाईंना दगडाबद्दल विचारलं असतं तर झाड टिकलं नसतं. मी त्यांच्याकडे वळले, थकलात का, असं जर्मनमध्ये विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी डेव्हिडला म्हणाले, "त्या नको म्हणतात. आहे तसं राहू द्या." तो माणूस सभ्य होता. त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्या बाईंना बरं वाटावं म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पण त्यांना काय हवं होतं, हे मी विचारलंच कुठे? त्यांच्या तोंडचं उत्तर मी दिलं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

पुढे बाईंनी गावभर त्या झाडाची गोष्ट सांगितली. नाताळात मला म्हणाल्या, डेव्हिडकडून त्या झाडाचा फोटो मागव ना. मी म्हटलं, ते वादळात पडलं केव्हाच. त्यांना फार वाईट वाटलं. एखादं माणूस गेल्यासारखं वाईट वाटलं.

मुक्ता पाच वर्षांची झाल्यावर तिला घेऊन नवरा कायमचा इकडे आला. फ्राउ केलरनी दारात तिला बघितलं, मग मला बघितलं. काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आल्झो, बरं, हिला आत तरी आण." पुढे त्याच तिला सांभाळायच्या, आणि ती झाडाची गोष्ट त्यांनीच तिला जर्मनमध्ये सांगितली. मुक्ता आल्यानंतर दोनेक वर्षांत बाई गेल्या. खरं सांगायला ती सगळी वर्षं मला मोकळी होती. मी रोज त्यांच्या स्वयंपाकघरात बसत होते.

मुक्ता आता मोठी आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. मध्यंतरी तिने विचारलं, "उंड डू, आई — आणि तू? मी नाशिकला होते तेव्हा तू काय लावलं होतंस?" हसत विचारलं तिने. मी म्हणाले, माझ्याकडे बाग कुठे होती.

डेव्हिडही आता नाही. त्याच्या मुलीने कळवलं होतं. तिला खरं सांगणाऱ्या चार ओळी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं. मी सांत्वनाच्या लिहिल्या.

लीना ऐंशी वर्षांच्या वर जगली. तिने शेत सांभाळलं, मुलं वाढवली, शेवटी एका नातीलाही वाढवलं. यूटातल्या त्या दगडावर ती अजून चार वर्षांचीच वारलेली आहे. आधी ते तिच्या बापाने लिहवलं होतं. आता ते माझ्यामुळे तसंच आहे.