गलबतांचा गेटपास

"गेलं म्हणजे आलं पाहिजे, मॅडम," असं म्हणत काका कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्टीलची पट्टी आडवी धरायचे आणि एक डोळा बारीक करून त्या ओळीत काय आहे ते वाचायचे. पडद्यावर चरे पडतील, असं मी कितीदा तरी सांगून पाहिलं. शेवटी नाद सोडला.

असे काका तुम्हीही पाहिले असतील. आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यात कुठल्याही कंपनीच्या गेटवर एक तरी असतोच. साचा दुरुस्तीला बाहेर जातो, सुटे भाग प्लेटिंगला जातात. जाताना त्यांचा रिटर्नेबल गेटपास फाडला जातो आणि वस्तू परत येईपर्यंत तो पास एका माणसाच्या डोक्यात ठाण मांडून बसतो. काकांनी उभी नोकरी हेच केलं. निघोज्याच्या वर्कशॉपवाल्याला ते फोन करायचे म्हणे, "भाऊ, आमचं पोरगं कवा पाठवताय घरी?" पोरगं म्हणजे दीड टनाचा साचा.

कंपनी बंद पडली आणि काका आमच्याकडे आले. भोसरीत बेअरिंगच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. जुनी कागदपत्रं स्कॅन करायची आणि त्यातल्या नोंदी टाइप करायच्या, हा धंदा. त्या वर्षी कोकणातल्या एका लहानशा बंदराची जकातीची दप्तरं आली होती. आज त्या बंदराचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण एके काळी तिथून नारळ, काथ्या, मीठ, सुकी मासळी असा व्यापार चाले. गलबत निघालं की जकात नाक्यावरचा कारकून त्याचं नाव, तांडेलाचं नाव, माल आणि वर माणसं किती, हे जावक वहीत मांडायचा. आलं की आवक वहीत. आम्ही दोन्ही वह्या उतरवायच्या आणि गेलेल्या गलबताची परतीची नोंद सापडली तर त्याच्यापुढे लिहायची. नाही सापडली तर रकाना कोरा. काम एवढंच.

काकांना मात्र ते एवढंच कधी वाटलं नाही. ते लातूरकडचे. गावात पाणी टँकरनं यायचं, समुद्र जन्मात पाहिलेला नाही. "तांडेल म्हंजे डायवर का?" इथपासून त्यांची सुरुवात. पण आठवडाभरात त्यांनी सगळ्या बंदराचा चार्ज घेतला. एखाद्या गलबताची परतीची नोंद सापडली की ते तिकडूनच सांगायचे, "नारळवाली आली बरं का." मग टायपिंगच्या मुली हसायच्या आणि कुणीतरी चहा मागवायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते जरा घाबऱ्याघुबऱ्या माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, जेष्ठापासनं एकबी गलबत हललेलं न्हाई. काय इपरीत घडलं की काय?"

मी त्यांना समजावलं, की पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा बंदर बंद असतं. गलबतं किनाऱ्यावर ओढून वर माडाच्या झापांचं छप्पर घालतात, डागडुजी करतात.

"म्हंजे शटडाऊन," काका म्हणाले आणि निवांत जेवायला गेले. इतक्या वर्षांत मला कोकण इतक्या कमी शब्दांत कुणी समजावलेलं नाही.

आणि मग एके दिवशी, ज्या सरकारी खात्याचं हे काम होतं, तिथून आमच्या नोंदींची एक अख्खी खेप परत आली. तिथला तपासणारा अधिकारी तरुण होता आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. एक गलबत नारळ आणि काथ्या घेऊन गेलं होतं. काकांनी त्याच्यापुढे परतीची जी नोंद लावली होती, ती त्याच नावाच्या दुसऱ्याच गलबताची होती. तांडेल वेगळा, गावही वेगळं. एक नोंद खोटी निघाली तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यानं विचारलं. ज्यानं हे केलं त्याला या कामावर ठेवू नका, असंही तो म्हणाला.

मी काकांना बोलावलं. खरं सांगते, ही चूक असेल असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. तांडेलाच्या नावातला काना चुकला तरी हा माणूस अडून बसायचा.

"काका, यातला तांडेल वेगळा आहे."

"वेगळाच हाय."

"मग ही नोंद का लावलीत?"

त्यांनी हातातली पट्टी खिशात ठेवली. "आमच्या गेटपासावर माल आसायचा, मॅडम. माणसं नसायची. हितं माणसांचा रकाना हाय. पुढची समदी पानं धुंडाळली म्या. माल आला न्हाई तर न्हाई आला. माणसं पेंडिंग कशी ठेवायची?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. गलबत दुसऱ्या बंदरात लागलं असेल, तिकडेच विकलं असेल, वहीची पानं गहाळ झाली असतील, असं मी बरंच काही सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं. वर्कशॉपवाल्यांची कारणं ऐकावीत तसं, सभ्यपणे. मग मी म्हटलं, "काका, वस्तू आलेली नसताना पास बंद केला तर काय होतं?"

"मागं कोणी लागत न्हाई मग तिच्या," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः ती नोंद काढली. मग कुणी न सांगता आपलं सगळं जुनं काम पहिल्यापासून तपासलं. दुसरी खोटी नोंद निघाली नाही. अधिकाऱ्यानं खेप स्वीकारली आणि काका कामावर राहिले. तो रकाना कोराच गेला. मला त्या माणसाचा तेव्हा फार अभिमान वाटला, आणि वाईटही तेवढंच वाटलं.

काम संपल्यावर दिवाळीला फोन यायचा, तेवढाच संबंध राहिला. गेल्या थंडीत काका गेले. मी थेरगावला त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा काकूंनी कोकणातली हकिकत सांगितली. आमचं काम संपल्या संपल्या काका त्यांना घेऊन त्याच बंदरावर गेले होते.

"समुद्र दावतो म्हणले. कसला दावतायत. धक्क्यावर जे बसले ते बसलेच. पहाटं गेलेल्या होड्या येत हुत्या. सांज झाली, मी म्हणलं, चला आता. तर म्हणले, एक यायची राहिलीय. तुमाला कोण सांगितलं, म्हणलं. तर म्हणले, त्या मासळीच्या पाटीवाल्या बाया बघ, आजून उठल्या न्हाईत."

"मग?"

"मग काय. यष्टी गेली निघून. म्या लई बोलले त्यांना. अंधार पडता पडता आली ती होडी. माणसं खाली उतरली, बायांनी पाट्या उचलल्या. तवा कुठं त्यांनी सकाळी बांधलेला डबा सोडला."